चढले तितके उतरले पाहिजेत

चिकपेट, बेंगळूर
२८ एप्रिल १९५८

भीमा,

कार्डाला दोन बाजू असतात. एकीवर तू पत्ता लिहिलास, दुसरीवर दोन ओळी, आणि उरलेली जागा कोरीच पाठवलीस. "मुलगा सुखरूप आहे. हनुमंतरायाची कृपा." माझा नातू तुमच्या गूबेकल्लु बेट्टावर, त्या उघड्या डोंगरावर, दोन रात्री पडून होता, सारं गाव त्याला हुडकत होतं, आणि मला त्याच्या दोन ओळी! शाई संपली म्हणावं तर गावचं पोष्ट तुझ्याच ओसरीवर.

आता आशीर्वाद. चि. भीमाचार्यास गोदूअक्काचे अनेक आशीर्वाद. झाले.

घरात मला कोणी धड सांगत नाही. हयवदनाला विचारलं तर म्हणतो, "अम्मा, झालं गेलं. कशाला उकरतेस?" विमलाला विचारलं तर प्रश्न पुरा व्हायच्या आत सूनबाईंचा पदर डोळ्याला. आणि ज्याला सगळं ठाऊक तो नरसिंह भिंतीकडे तोंड करून निजतो. एकवीस वर्षांचा घोडा, कारखान्यात विमानं जोडायला शिकतो, आणि आजीपुढं मिठाची गुळणी.

मला तुकड्यातुकड्यानं कळलं ते इतकं. त्या रविवारी हा आणि ह्याचा कारखान्यातला दोस्त उमाकांत पहाटेच्या मोटारीनं तुमच्या हुणसेकेरेला उतरले. उमाकांत पुण्याचा. सह्याद्रीतले बारा किल्ले चढलोय म्हणायचा. चढलाही असेल, पायऱ्यांनी. दोघांच्या पायात ऑफिसचे बूट. बरोबर पाण्याची एक बाटली, थर्मासात कॉफी आणि मी बांधून दिलेली पोह्यांची अवलक्की. पायथ्याशी एक धनगर भेटला, त्यानं मागच्या अंगाची चुकीची वाट दाखवली आणि मेंढरं घेऊन चालता झाला. तिकडं उमाकांत घसरला, घोटा मोडला. हे नरसिंहानं जंगलखात्याच्या साहेबापुढं लिहूनही दिलंय म्हणे. उमाकांत पाय प्लास्टरात घालून पुण्याला गेला, त्याला कोणी काही विचारलं नाही.

आता मला दोन गोष्टी सांग. पहिली: एवढ्या मोठ्या डोंगरावर माणूस हुडकतात कसं? स्वयंपाकघरात मोहरी सांडली तर मी आधी दिवा आणते, मग झाडू. तुम्ही आधी काय आणलंत? थट्टा नाही करत, मला खरंच कळून घ्यायचंय.

दुसरी: त्या धनगराचं नाव काय? त्याला पोरंबाळं आहेत का? असतील तर दुसऱ्याच्या पोराला कड्यावर धाडताना जीभ कशी झडली नाही, हे माझ्या नावानं विचार त्याला. नेमकं असंच विचार. गोड करू नकोस.

कार्ड नको. पाकीट घाल.

गोदूबाई

*

हुणसेकेरे
३ मे १९५८

गं. भा. गोदूअक्कास भीमाचार्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

मावशीची थोरली मुलगी म्हणून तू लहानपणी माझा कान धरायचीस. पत्र उघडलं आणि कान गरम झाला. चूक झाली, अक्का. तेव्हा मन ठिकाणावर नव्हतं, म्हणून दोन ओळीच सुचल्या.

माणूस कसा हुडकतात विचारतेस. हे काम नेमून दिलेलं असं कोणी इथं नाही. पोलीस ठाणं अकरा मैलांवर, तिथला शिपाई सायकलीनं येईतो दुपार होते. म्हणून जो हाताशी असेल तो जातो. लोहार भाता सोडून येतो, शाळामास्तर पोरांना सुट्टी देतो, मी देवाला कुलूप घालतो. यंदाची ही तिसरी खेप. माघात तिघंजण आले होते, त्यांनी बेट्टावर ग्रामोफोन नेला. तबकड्या अकरा, पाणी काही नाही. त्यांना उतरवून आणलं तर एकजण म्हणतो, आचार्य, ग्रामोफोन वर राहिला, तो कोण आणेल?

रविवारी दिवेलागणीला एकजण देवळाशी येऊन म्हणाला, "अय्या, सकाळी दोघं चढले, कोणी उतरलं नाही. चढले तितके उतरले पाहिजेत." अंधारात त्या खडकावर जाणं म्हणजे आणखी माणसं घालवणं. सोमवारी तांबडं फुटताच तीस माणसं निघाली. दोर म्हणून विहिरीचे दोर. माझ्याकडे देवळाच्या भिंतीसाठी भिजवलेला चुना होता, तो मडक्यात घेतला. जो खडक पाहून झाला त्यावर चुन्याचं बोट ओढायचं, म्हणजे दुसऱ्यानं पुन्हा तिथं वेळ घालवायला नको. पोरांना ऐकू जावं म्हणून पुढं चार तमटेवाले आणि एक शिंगवाला. चामड्याची ती डफडी एवढी घुमली की समोरच्या डोंगरानं उत्तर दिलं.

आणि इथंच घात झाला. नंतर कळलं, दोघांनी तो आवाज स्पष्ट ऐकला. पण गावकरी ढोल बडवत बिबळ्याला हाकून काढतात, हे त्यांनी कुठंसं वाचलं होतं. त्यांना वाटलं, हाका चाललाय, बिबळ्या आता आपल्याच अंगावर येणार. दोघं खडकाच्या कपारीत शिरले आणि श्वास धरून बसले. आमची तीस माणसं त्यांच्या डोक्यावरून वाजत गाजत गेली.

दुपारनंतर वाजवणं बंद केलं. पुढं दोघं सापडले आणि मंगळवारी सकाळी दोरानं वर घेतले.

धनगराचं नाव मल्लाप्पा. त्याला काही बोलावं असं मला वाटत नाही. नरसिंहाच्या त्या कागदामुळं त्याची बेट्टावरची चराई थांबवलीय. साठ मेंढरं आहेत, आणि ह्या उन्हात बेट्ट सोडून दुसरीकडं गवताची काडी नाही. २६ तारखेला, सोमवारी, साहेब इथं येऊन चौकशी करणार. चराई कायमची गेली तर मेंढरं विकून बाप-लेकींना दुसऱ्याच्या शेतात राबावं लागेल. त्याला मुली दोन. तू विचारलंस म्हणून लिहिलं. जे व्हायचं ते होईल. तू हे मनातून काढून टाक.

तुझा
भीमाचार्य

*

चिकपेट
७ मे १९५८

भीमा,

"मनातून काढून टाक" हे कोणाला सांगतोस? मी काय पाटीवरचं पुसते? आशीर्वाद.

ग्रामोफोनचं वाचून मी एवढी हसले की विमला धावत आली. आणि ढोलाचं वाचून पत्र खाली ठेवलं. हुडकायला येणाऱ्यांपासून पोरं लपून बसली! तीस माणसं हाका मारत होती की नुसतं बडवत होती? नाव घेऊन हाक मारली असती तर बिबळ्याच्या हाक्यात माझ्या नातवाचं नाव कसं, एवढी तरी शंका आली असती. पण मग वाटलं, तुम्हांला नाव कुठून ठाऊक? सांगून चढलाच नाही तो. घरीही "उमाकांतच्या खोलीवर जातो" एवढंच बोलला होता. अवलक्की मात्र माझ्याकडून मागून नेली.

आता तुझ्या पत्रातली भोकं मोजते. कमी शिकले असले तरी चाळण कशाला म्हणतात ते मला कळतं.

एक. दिवेलागणीला "एकजण" आला. कोण? गावात तीनशे माणसं, त्यातल्या प्रत्येकाचं कार्ड तू वाटायच्या आधी वाचतोस, आणि ह्याचं नाव तुला येत नाही?

दोन. दुपारनंतर वाजवणं बंद "केलं". कोणी केलं? तमटेवाले आपणहून थांबत नाहीत. आमच्या गल्लीतले तर लग्न मोडलं तरी थांबत नाहीत.

तीन. दोघं "सापडले" लिहितोस. करवंदं सापडतात. माणसाला कोणीतरी शोधून काढतं. कोण तो?

तीन ठिकाणी तू माणूस गाळलास. तिन्ही ठिकाणी एकच असेल, तर मला आणखी एक विचारायचंय. ज्यानं पोरांना मुद्दाम चुकीच्या वाटेला लावलं, तोच संध्याकाळी येऊन "उतरले नाहीत हो" असं सांगेल का? चोर कधी स्वतःच घंटा वाजवतो का रे?

मल्लाप्पाला दोन मुली आहेत हे कळलं. ते जिभेचं विचारलंस का? विचारलं नसशील तर स्वल्प थांब.

गोदूबाई

*

हुणसेकेरे
१२ मे १९५८

अक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. विचारलं नाही. तेवढं धैर्य मला नव्हतं.

तिन्ही ठिकाणी मल्लाप्पाच.

तो पायथ्याशी मेंढरं चारतो आणि चढणारी माणसं मोजतो. कोणी सांगितलेलं नाही. म्हणतो, मेंढरं मोजायची सवय आहे, त्यात आणखी दोन डोकी. सोमवारी दुपारी त्यानंच तमटेवाल्यांपुढं आडवं उभं राहून वाजवणं बंद करायला लावलं. म्हणाला, "तुम्ही वाजवताय तोवर आपल्याला काय ऐकू येणार? देवाला ऐकवताय की माणसाला हुडकताय?" मग तीसच्या तीस माणसांना खडकावर खाली बसवलं आणि शंभर मोजेपर्यंत कोणी खाकरायचंसुद्धा नाही असं बजावलं. शिंगवाल्याला खोकला आला तर त्यानं मुंडासं तोंडात कोंबलं. अक्का, साठ वर्षं त्या बेट्टाखाली राहतोय, पण बेट्ट एवढं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. कपारीतल्या पोरांनीही श्वास धरला असणार, कारण ऐकू मात्र काही आलं नाही.

तेव्हा तो म्हणाला, तहानलेला माणूस वाटेनं जात नाही, हिरव्याकडं जातो. माथ्यावरून मागच्या अंगाला एक हिरवा पट्टा दिसतो. लांबून वाटतं, तिथं झरा असेल. असतो नुसता निवडुंग. तिकडं उतरताना खडक असा की बुटांनी खाली जाता येतं, पुन्हा वर येता येत नाही. आम्हांला माथ्यावर ठेवून तो अनवाणी एकटा तिकडं गेला. अंगावर कांबळं, खांद्याला पाण्यानं भरलेला तुंबा, वाळल्या भोपळ्याचा असतो तसा.

पुढचं तुला आवडेल. त्याला खडकावरून वर येणारी मुंग्यांची रांग दिसली. प्रत्येकीच्या तोंडी पिवळा कण. त्यानं एक कण उचलून जिभेवर ठेवला. हळद आणि मीठ. बेट्टावरच्या मुंग्यांना हळद कोण घालतो? रांग जिथून येत होती तिथं तो उतरत गेला आणि कपारीशी पोचला. तुझी अवलक्की कागदातून सांडली होती. तेव्हा सोमवारचा तिसरा प्रहर कलला होता.

एकट्यानं मोडक्या पायाचा माणूस वर आणणं शक्य नव्हतं. विहिरीचे दोर आखूड पडत होते. म्हणून तो खाली आला. आला तो थेट देवळाच्या विहिरीशी, आणि रहाटाजवळ वाकून बैलासारखा पाणी प्यायला. मग म्हणाला, "अय्या, रथाचा दोर द्या." हनुमंतरायाचा रथ ओढायचा दोर! विश्वस्तांना विचारल्याशिवाय तो मी हलवायचा नाही. पण दिला. रथ ओढायला सगळेच हात लावतात, म्हटलं. मंगळवारी उजाडताच बाराजणांनी त्या दोरानं दोघांना वर घेतलं. आधी उमाकांतला झोळीतून, मग नरसिंहाला.

आता झालं ना तुझं समाधान?

भीमाचार्य

*

चिकपेट
१५ मे १९५८

भीमा,

नाही झालं.

मुंग्यांचं मात्र मी तीनदा वाचलं. सरी, बरं झालं, माझी अवलक्की उपयोगी पडली तर. पण तिच्यात मीठ जास्त पडलं होतं, हे मला त्याच दिवशी डब्यात उरलेली खाल्ल्यावर कळलं होतं. एक बाटली पाणी आणि वर ती खारट अवलक्की. म्हणजे तहान लावली मी आणि ठिकाण दाखवलंही मीच. माझं नाक वर करायला तू जागा ठेवली नाहीस.

आता ऐक. तू देवाची पूजा करतोस, एकादशा मी करते. अठ्ठेचाळीस वर्षं, पाण्याचा थेंब न घेता. त्या सोमवारी एकादशीच होती. मी घरात, सावलीत, जमीन सारवून गार केलेली, आणि तरी दिवस कलताना माझी जीभ टाळ्याला चिकटली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना डोळ्यांपुढं काजवे. अंगात पाणी नसलं म्हणजे माणूस कसा दिसतो ते मला कोणा डॉक्टरनं सांगायला नको. ओठ फुटतात, आवाज बसतो, पोटऱ्यांत गोळे येतात.

हा रविवारी दुपारपासून बिनपाण्याचा. सोमवार सगळा वैशाखासारख्या उन्हात तापलेल्या खडकावर. मंगळवारी दुपारी हयवदन त्याला टॅक्सीतून घेऊन आला तेव्हा तो आपल्या पायांनी माझा उंबरा ओलांडून आला. मला "आजी" म्हणाला. आवाज बसका, पण होता. ओठ सालटले होते, फाटले नव्हते. तेव्हा मी देवाची कृपा म्हटलं. आता हिशेब जुळत नाही.

आणि भरला तुंबा खांद्याला लावून गेलेला माणूस परत येतो तो रहाटाशी बैलासारखा पितो? त्याचा तुंबा कुठं गेला?

तू देवाच्या दारात बसतोस. खोटं लिहीत नाहीस हे मला ठाऊक आहे. तू नुसता गाळतोस. ह्या वेळी गाळू नकोस. चौकशीला अकरा दिवस उरलेत.

गोदूबाई

*

हुणसेकेरे
१९ मे १९५८

अक्का,

तुंबा मल्लाप्पानं तिथंच ठेवला. सगळा. वर कमरेला बांधलेला नाचणीच्या मुद्द्याचा गोळाही त्यांना दिला. एकादशीच्या दिवशी.

मंगळवारी नरसिंहाला वर घेतलं तेव्हा तो रिकामा तुंबा त्याच्या छातीशी होता. सोडत नव्हता. मग मला बघितलं आणि एकदम दूर सारला. सगळे उमाकांतच्या झोळीभोवती असताना त्यानं माझे पाय धरले. "आचार्य आजोबा, आजीला कळलं तर ती मला स्वयंपाकघरात घेणार नाही. कोणाला सांगू नका." मी शब्द दिला.

आधीचंही सांगून टाकतो. रविवारी सकाळी पायथ्याशी मल्लाप्पानं दोघांना मज्जिगे देऊ केलं होतं. ताकाचं गाडगं पुढं केलं, म्हणाला, वर पाणी नाही, पिऊन चढा, आणि आल्या वाटेनंच उतरा, मागं जाऊ नका. उमाकांतनं हात पुढं केला होता. नरसिंह म्हणाला, "आम्ही बाहेरचं पीत नाही." उमाकांतनं लाजेनं हात मागं घेतला.

बुधवारी जबानीसाठी हयवदन त्याला पुन्हा इथं घेऊन आला. साहेबांनी विचारलं, वाटेत कोण भेटलं, काय बोलला, काय दिलं. हयवदन शेजारी उभा. ताकाचं सांगावं तर मज्जिगे का नाकारलं ते आलं, वाट सांगितली होती ते आलं, आणि मग सोमवारी काय प्यायलात हेही आलंच असतं. पोरानं सगळं एकदम झाकलं. म्हणाला, धनगरानं मागची वाट दाखवली आणि निघून गेला. खाली सही केली.

मी चार हातांवर उभा होतो, अक्का. ऐकत होतो. शब्द दिला म्हणून गप्प बसलो असं मी इतके दिवस स्वतःला सांगतोय.

मल्लाप्पा मला काही बोलत नाही. रोज संध्याकाळी देवळापुढून जातो आणि नमस्कार करतो तो देवाला, मला नाही. मेंढरांना बाभळीच्या शेंगा झोडून घालतो. दोन दगावली.

काय करायचं ते तू सांग.

भीमाचार्य

*

चिकपेट
२३ मे १९५८

भीमा,

शब्द दिला की तो पाळायचा, हे तुला लहानपणी मीच शिकवलं असेन. कोणता शब्द द्यायचा नाही ते शिकवायचं राहिलं. आशीर्वाद, आणि हे पत्र नीट वाच. टपालानं येत नाही, आणणारा तुझ्यापुढं उभा आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा नरसिंह जेवत होता. मी पुढं पाट घेऊन बसले. म्हटलं, "मुद्दे कसं लागलं रे?"

घास तोंडात तसाच राहिला. म्हणाला, "कसलं मुद्दे?"

"एकादशीचं."

पानावरून उठायला लागला. मी म्हटलं, "उठलास तर उद्यापासून वाढणार नाही. बस. मला रागवायचं नाही, कळून घ्यायचंय. कसं लागलं?"

खाली मान घालून म्हणतो, "आजी, त्याच्याइतकं गोड मी काही खाल्लं नाही." माझ्या हातची पुरणपोळी समोर असताना बोलला. म्हणजे खरं बोलला.

मग सुटलंच. रात्रभर खडक चाटला म्हणे, दव मिळेल म्हणून. ढोल ऐकून उमाकांत रडायला लागला, ह्यानं त्याच्या तोंडावर हात दाबला. मल्लाप्पाचं डोकं वरून दिसलं तेव्हा आधी वाटलं, बिबळ्याच. मी विचारलं, तुंबा पुढं केला तेव्हा मल्लाप्पा काय म्हणाला? तर म्हणतो, "काही नाही." मी म्हटलं, "आठव." "काही नाही, आजी." पण कानाच्या पाळ्या लाल. त्याच्या आजोबांच्याही व्हायच्या.

एवढ्यात हयवदन आला. आल्या आल्या, "अम्मा, कागदावर सही झालीय. आता उलट सांगितलं तर खोटी जबानी दिली म्हणून ह्याची नोकरी जाईल. धनगराला मी काहीतरी देईन." मी म्हटलं, "काय देशील? बेट्ट देशील?" तर म्हणतो, "घराण्याचं नाव आहे." म्हटलं, "आहे ना. तेच त्या कागदावर खाली लिहिलंय." मग विमला, जी कधी बोलत नाही ती म्हणाली, "तो मनुष्य नसता तर आज ह्याचा महिना घातला असता आपण." हयवदन खाली बसला. सूनबाई माझ्या, उगाच रडतात असं मला इतके दिवस वाटत होतं.

आता माझं. पोराला लहानपणापासून मीच सांगितलंय, बाहेरचं पाणी पिऊ नको, कोणाच्याही हातचं घेऊ नको. माझा नियम माझ्या घशापुरता होता. तो मी पोराच्या घशात घातला, आणि पोरानं तो मल्लाप्पाच्या मानेवर ठेवला. मी काही बदलायची नाही. त्याच्या हातचं मी पिणार नाही, सत्तरीला आले, आता तो नियम माझ्याबरोबरच जाईल. पण स्वयंपाकघरात कोण येणार ते मी ठरवते, आणि नरसिंह आज सकाळी आत बसून जेवला. हे त्याला तुझ्याकडून भ्यायचं कारण उरू नये म्हणून लिहिते.

सोमवारी साहेब आले की हा त्यांच्यापुढं उभा राहून पहिला कागद खोटा म्हणून सांगेल. तू शेजारी उभा राहायचं आणि दिलेला शब्द मोडायचा. मी मोडायला सांगितलाय, पाप माझ्याकडं. नोकरी राहिली तर राहिली. गेली तर चिकपेटात कापडाच्या दुकानात घड्या घालायला माणसं लागतात. उमाकांतला मी पुण्याला पत्र घातलंय. बारा किल्ले चढलेल्यानं एक कागद लिहावा, म्हटलं, पायाला काही होत नाही त्यानं.

बरोबर दोन बाटल्या पाणी आहे आणि ह्या वेळी पायात वहाणा आहेत. अवलक्कीही आहे, मीठ बेतानं. मल्लाप्पाच्या मुलींसाठी.

आणखी एक. देवळाच्या ओट्यावर शाळेतली पाटी ठेव. जो चढेल त्यानं आधी नाव लिहायचं, लिहिता येत नसेल तर तू लिही. उतरला की पुसायचं. संध्याकाळी पाटीवर नाव उरलं तर ढोल वाजवू नका, ते नाव घेऊन हाक मारा. मल्लाप्पा एकटा किती मोजणार?

नरसिंहाला सांगितलंय, हुणसेकेरेला उतरलास की आचार्यांकडं नाही, साहेबाकडं नाही, आधी मल्लाप्पाकडं जायचं. त्याच्या दारात उभं राहून पाणी मागायचं. द्यायचं की नाही ती त्याची मर्जी. नाही म्हणाला तर बाटलीचं बूच न उघडता तहानलेलाच तुझ्याकडं येईल, त्याला तूही देऊ नकोस.

पाणी दिलं की नाही, आणि त्या सोमवारी कपारीत तुंबा पुढं करताना तो काय म्हणाला होता, ह्या दोन गोष्टींचं उत्तर मला पाहिजे. नरसिंहानं ते लिहायचं नाही, त्यानं एकदा सही करून पाहिलीय. तूही लिहायचं नाहीस, तू गाळतोस. उत्तर मल्लाप्पानं द्यायचं. तू नुसती लेखणी धर, तो बोलेल ते लिही, शिवी असली तरी लिही, आणि खाली त्याचा अंगठा घे. अंगठ्यावाचून आलेलं पत्र मी उघडणार नाही.

गोदूबाई